अर्जात 'बीव्हर' लिहिलं आणि सहा आठवडे गेले (वनराई बंधाऱ्याचा माझा अनुभव)

पन्हाळ्याकडं आमच्या गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती, माती आणि पंधरा-वीस माणसं, एवढंच लागतंय. पण परवानगीच्या एका कागदापायी जे झालं ते अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

मागच्या मार्चला डोंगर पेटला. जाळलं की गवत चांगलं फुटतंय म्हणून कोणतरी काडी लावतंयच. दोन उन्हाळे कळशीनं पाणी घालून जगवलेली जांभळाची रोपं, करवंदीच्या जाळ्या, ओढ्याकाठची उंबरं, सगळं एका रात्रीत गेलं. फक्त खाली के.टी. वेअरला (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला) बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या, तिथं तुंबलेल्या पाण्याच्या दोन्ही बाजूचा पट्टा हिरवागार राहिला. सकाळी ते बघितलं आणि मग असं आणि कुठं झालंय का ते शोधायला लागलो, तेव्हा बीव्हर, म्हणजे ओढ्यावर बांध घालणारा अमेरिकेतला एक प्राणी, वाचनात आला.

ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा, नकाशा चार दिवसात झालं. ओढा वर वनाच्या हद्दीत आणि खाली गायरानात, त्यामुळं एका ऑफिसचं ना हरकत पत्र लागत होतं. तिथं सप्टेंबरच्या शेवटी अर्ज दिला. अर्जात कारण म्हणून एक परिच्छेद बीव्हरवर लिहिलेला. दहा दिवसांनी गेलतो तर अर्जावर शेरा, 'परदेशी प्राणी सोडण्याची परवानगी या कार्यालयाकडून देता येत नाही.'

मी म्हटलं साहेब, प्राणी सोडायचा नाही, त्याच्यासारखं काम करायचंय. ते म्हणाले मग नाव कशाला लिहिलंय. तिथंच टेबलापाशी उभा राहून सगळं सांगितलं, की हा अमेरिकेतला वीसेक किलोचा कुरतडणारा प्राणी, फांद्या, चिखल, दगड लावून ओढा अडवतो, बाजूला चर खणून पाणी लांबपर्यंत नेतो, त्यानं काठची जमीन ओली राहते, भूजल वर येतं आणि ओल्या मुळांची झाडं सहजी पेट घेत नाहीत. एमिली फेअरफॅक्स नावाच्या संशोधक बाईंनी पश्चिम अमेरिकेतल्या पाच मोठ्या वणव्यांचे उपग्रहाचे फोटो तपासले, २०२० ला ते प्रसिद्ध झालं, जिथं बीव्हरचे बांध नव्हते तिथल्या काठाची हिरवळ सुमारे तिप्पट जास्त गेली. आयडाहोत २०१८ च्या वणव्यानंतर बॉ क्रीक नावाच्या ओढ्याचा फोटो आहे, चारी बाजूला करपलेलं आणि मधे बीव्हरच्या डबक्यांची हिरवी पट्टी. आमच्या के.टी. वेअरपाशी मी हेच डोळ्यानं बघितलेलं, ते पण सांगितलं.

ऐकून घेतलं आणि म्हणाले, लेखी खुलासा द्या. दिला. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या खेपेला खुलासाच सापडंना, आवक नंबर विचारला तर माझ्याकडं नाही, कारण मी थेट टेबलावर ठेवून आलतो. परत लिहिला. (आवक नंबर आणि पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका, कितीबी ओळखीचा माणूस असूदे.) इकडं दिवाळी गेली, ओढ्याची धार रोज बारीक व्हायला लागली आणि बंधारा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात धार वाहती असतानाच घालावा लागतोय. मला रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी वरच्या साहेबांना भेटून एकच विनंती केली, एकदा ओढ्यावर चला. ते आले. जळका उतार दाखवला, मग वेअरपाशी नेलं. ते हिरव्या पट्ट्यात बराच वेळ उभे राहिले, काय बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सही. म्हणून सांगतो, पहिल्याच आठवड्यात स्थळ पाहणी मागा. आणि अर्जात फक्त 'वनराई बंधारा' लिहा, बीव्हरची माहिती वेगळ्या कागदावर जोडा, पण जोडा जरूर, लोकांना कळायला पाहिजे.

काम एका रविवारात झालं. पोती पाऊण भरून शिवायची, विटांसारखी सांधमोड करून रचायची, वरच्या अंगाला चिकणमाती थापायची, जादा पाणी जायला मधे वाट ठेवायची. बीव्हरच्या बांधाचं आणखी एक काम म्हणजे वणव्यानंतर पहिल्या पावसात वाहून येणारी राख नि गाळ तो अडवतो. आमच्या पोत्यांमागं पण बोटभर काळा गाळ बसलाय, तिथं मी उंबराच्या फांद्या खोचल्यात.

आत्ता फेब्रुवारी संपत आलाय. गेल्या वर्षी ह्या दिवसात त्या जागेत नुसते दगड होते, आज गुडघाभर पाणी आहे आणि उंबराच्या चार फांद्यांना फूट आलीय. जाळपट्टा (वणवा पुढं येऊ नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायचा राहिलाय, तो ह्या रविवारी. आणि एक सांगायचं राहिलं, मे महिन्यात पोती मोकळी करून घरी आणा, नाहीतर पहिल्या पुरात ते सगळं प्लॅस्टिक खाली पंचगंगेत जातंय.