रिंगोच्या मागावर नॅशव्हिलला

ताई आणि दाजी अटलांटाला असतात, त्यामुळे यावेळी मार्चमध्ये तिकडे जायचं ठरल्यावर मी आधीच फोनवर सांगून टाकलं होतं की डिस्नीबिस्नी काही नको, मला नॅशव्हिलला न्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या 'कंट्री' संगीताच्या माहेरघरी. दाजी म्हणाले, "अरे तू तर बीटल्सवाला, तुला कंट्री कधीपासून आवडायला लागलं?" म्हटलं, दाजी, बीटल्ससाठीच जायचंय. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

अटलांटाहून साधारण २५० मैल, म्हणजे चार तास धरा, चॅटानूगा सोडलं की माँटईगलचा घाट लागतो आणि वाटेत कुठेतरी मोबाइलचं घड्याळ आपोआप तासभर मागे जातं, तेवढा एक तास फुकट मिळतो. गाडीत मी 'लुक अप' लावला, रिंगो स्टारचा, १० जानेवारी २०२५ला आलेला. माणूस तेव्हा ८४ वर्षांचा, बीटल्सचा ड्रमर, आणि अख्खा अल्बम कंट्री! मागून ताई म्हणाली, "म्हातारपणी सुचलं होय रे याला?" इथंच सगळे फसतात, कारण रिंगोला हे म्हातारपणी सुचलेलं नाही, बीटल्समधला कंट्रीवेडा तोच होता. लिव्हरपूल बंदराचं गाव, जहाजावरची पोरं अमेरिकेतून रेकॉर्ड्स घेऊन यायची, आणि हा लहानपणापासून जीन ऑट्रीचा म्हणजे गाणाऱ्या काउबॉयचा भक्त. फॅक्टरीत उमेदवारी करत असताना तर टेक्सासला कायमचं राहायला जायचं म्हणून ह्यूस्टनच्या चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून नोकऱ्यांची यादी मागवली होती पठ्ठ्यानं, पुढे इमिग्रेशनचे फॉर्म बघून कंटाळला आणि राहून गेलं. (फॉर्म भरला असता तर बीटल्सचं काय झालं असतं देव जाणे.) १९६५ला बक ओवेन्स या कंट्री गायकाचं 'ॲक्ट नॅचरली' बीटल्सनी केलं तेव्हा माइकसमोर अर्थातच रिंगो.

पण मला नॅशव्हिलला ओढून नेणारा अल्बम 'लुक अप' नव्हे, १९७०चा 'बोकूज ऑफ ब्लूज'. बीटल्स नुकतेच फुटलेले. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनने त्याच्या अल्बमसाठी नॅशव्हिलचा स्टील गिटारवाला पीट ड्रेक लंडनला बोलावला होता, त्याला आणायला रिंगोची गाडी गेली आणि गाडीत ड्रेकला कंट्रीच्या टेप्स दिसल्या. बोलणं निघालं. रिंगोला वाटत होतं नॅशव्हिलला अल्बम करायचा म्हणजे महिनोन्महिने मुक्काम, तर ड्रेकने सांगितलं की बॉब डिलनचा 'नॅशव्हिल स्कायलाइन' दोन दिवसांत झालाय, आणि त्याला माहीत असणारच, त्यात तो स्वतःच वाजवत होता. झालं, जूनअखेरीस रिंगो नॅशव्हिलला. सकाळी पाच गाणी शिकायची, संध्याकाळी तीच पाच रेकॉर्ड करायची, दोन-तीन दिवसांत अल्बम खलास. गाणी तिथल्याच गीतकारांची, वाजवणारे तिथलेच, इंजिनियरच्या खुर्चीत स्कॉटी मूर म्हणजे एल्विसचा गिटारवाला, ड्रमवर डी. जे. फोंटाना म्हणजे एल्विसचा ड्रमर. आणि जगातला सगळ्यात प्रसिद्ध ड्रमर नुसता गायला उभा.

दोन-तीन दिवसांत हे जमतं कसं, ते मला आरसीए स्टुडिओ बीमध्ये गेल्यावर कळलं. रिंगोचं रेकॉर्डिंग इथलं नाही, ते म्युझिक सिटी रेकॉर्डर्समध्ये झालं, पण त्या काळातला स्टुडिओ आतून बघायचा तर स्टुडिओ बीच गाठावा, कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या म्युझियममधून तिकीट काढलं की त्यांची बस नेऊन सोडते. १९५७चा स्टुडिओ, बाहेरून एखादं सरकारी गोडाऊन वाटावं असा, आत आपल्या मंगल कार्यालयाच्या हॉलपेक्षा लहान खोली. जमिनीवर टेपने एक फुली केलीये, गायकाने तिथं उभं राहायचं, कारण तिथं आवाज सगळ्यात चांगला येतो. मीपण उभा राहून टाळी वाजवून बघितली, दाजींनी व्हिडिओ काढला, फरक काय ते व्हिडिओत घंटा कळत नाही.

मग विषय निघाला नंबर सिस्टीमचा, आणि इथं मी अक्षरशः खुर्चीत पुढे सरकलो. नॅशव्हिलचे सेशनवाले, म्हणजे स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक, कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) अक्षरात लिहित नाहीत, आकड्यात लिहितात. जी पट्टीत गाणं असेल तर जी म्हणजे १, सी म्हणजे ४, डी म्हणजे ५. कागदावर फक्त १, ४, ५ असं. गायकाचा आवाज पोचत नसेल तर पट्टी बदला, कागद तोच राहतो. म्हणजे आपलंच सारेगम की हो हे! पेटीवर काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, सा सरकला तरी सारेगम तेच. ताई लहानपणी गाण्याच्या क्लासला जायची, ती लगेच म्हणाली, "मग यात नवीन काय?" नवीन एवढंच की ५०च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या कोरसवाल्यांच्या नील मॅथ्यूजने ही युक्ती काढली, चार्ली मकॉयसारख्या वादकांनी ती उचलली आणि गावभर झाली. आता गंमत बघा, रिंगोच्या अल्बमवर कोरसला जॉर्डनेअर्स आहेत आणि माउथ ऑर्गनला चार्ली मकॉय. असे लोक समोर असल्यावर रिंगोसारख्या चार सुरांत बसणाऱ्या आवाजाला (प्रेमाने म्हणतोय) पट्टी जुळवून द्यायला कितीसा वेळ लागणार.

मला तिथं राहून राहून मुंबई आठवत होती. जॉर्ज हॅरिसननेही १९६८च्या जानेवारीत असंच केलं होतं ना, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन आपल्याकडच्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बममधल्या भारतीय भागाचं काम थोडक्या दिवसांत उरकलं. जमलं, कारण मुंबईतही सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर दिवस काढणारी अशीच फौज होती, गोव्याचे व्हायोलिनवाले पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचणारे, बाकीचे सरगम लिहून घेणारे, सकाळी एक गाणं दुपारी दुसरं. त्यामुळे रॉकवाल्याने कंट्री केलं, तो किती मोठा प्रयोग वगैरे जे लिहिलं जातं ते मला आता पटत नाही. नॅशव्हिलमध्ये अल्बम हे गाव करतं, पाहुण्याने वेळेवर यायचं आणि गायचं.

संध्याकाळी ब्रॉडवे, म्हणजे नॅशव्हिलचा बारचा रस्ता. निऑनच्या पाट्या, प्रत्येक दारातून वेगळा बँड, आणि बॅचलर पार्टीला आलेल्या पोरींचे घोळके गुलाबी टोप्या घालून किंचाळत चाललेले. त्यातल्या त्यात रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डमध्ये जुनं कंट्री ऐकायला मिळतं, भिंतीला बुटांची कपाटं. मी मुद्दाम पेडल स्टीलवाल्याच्या समोरची जागा धरली. टेबलासारखं वाद्य, डाव्या हातात स्टीलची कांडी तारांवर सरकवायची, उजव्या बोटात नख्या, पायाखाली पेडलं आणि वर दोन्ही गुडघ्यांनी बाजूचे लिव्हर ढकलायचे. माणूस चेहऱ्याने एकदम शांत आणि कमरेखाली शिवणयंत्र! पेडल दाबलं की एखादी तार चढते आणि बाकीच्या तिथंच राहतात, म्हणजे कॉर्डमधला एकच सूर मींड घेतो. हे हवायन गिटारचंच पुढचं पिल्लू, आपल्याकडं जुन्या हिंदी गाण्यांच्या हवायन गिटारच्या रेकॉर्ड्स घरोघरी असायच्या, दाजींच्या वडिलांकडेही होत्या, त्यामुळे दाजी पहिल्यांदा इथं खुलले. हे सगळे बँड मुख्यत्वे टिपवर वाजवतात, गाणं संपलं की बादली फिरते. एवढं वाजवणारा माणूस बादलीवर जगतो हे बघून जरा कसंतरीच झालं, दाजींनी न बोलता वीसची नोट टाकली.

दुसऱ्या दिवशी रायमन. १८९२ला कॅप्टन टॉम रायमन या बोटमालकाने बांधवलेलं प्रार्थनागृह, अजूनही बसायला चर्चची लाकडी बाकं, १९४३ ते १९७४ ग्रँड ओल ऑप्री, म्हणजे कंट्रीची जुनी रेडिओवरची मैफल, इथं व्हायची. ऑप्री नव्या जागी गेली तेव्हा इथल्या स्टेजचा सहा फुटी गोल कापून तिकडच्या स्टेजमध्ये बसवला. रिंगो २०२५च्या १४ आणि १५ जानेवारीला रायमनला गायला आणि फेब्रुवारीत ऑप्रीवर, त्या गोलावर, पहिल्यांदा उभा राहिला. बाकांवर गादी नाही हे लक्षात ठेवा, ८४ वर्षांच्या माणसाचा शो ऐकायला आलेल्या साठी-सत्तरीच्या लोकांनी ती बाकंही सोसली असणार.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही अल्बम लागोपाठ लावले आणि भांडण लागलं. 'लुक अप'ची बहुतेक गाणी टी बोन बर्नेटची, निर्माता तोच, सोबतीला ॲलिसन क्रॉस, बिली स्ट्रिंग्ज, मॉली टटल अशी नव्या-जुन्या ब्लूग्रासची (कंट्रीचीच एक शाखा) माणसं, काम नॅशव्हिल आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडचं. दाजींना तोच आवडला. माझं मत, त्याला इस्त्री जरा जास्तच मारलीये, सगळे रिंगोला जपून वाजवतात. १९७०च्या अल्बमला कुणी जपलेलं नाही, स्टील रडतंय, मागं जॉर्डनेअर्स, आणि मध्ये हा तिशीला टेकलेला माणूस, नुकताच बँड मोडलेला, सरळ साध्या आवाजात दुसऱ्यांची दुःखं गातोय. अमेरिकेत तो ६५व्या नंबरापर्यंतच गेला, इंग्लंडमध्ये तर चार्टवर आलाच नाही, तरी माझा तोच.

दाजी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण तुझ्या अल्बमवर तुझा रिंगो वाजवतोय कुठं? ह्यात ऐक, ड्रमवर तोच आहे." आणि आवाज वाढवला. आता याला काय उत्तर द्यायचं? डावखुरा माणूस उजव्या हाताच्या सेटवर बसतो, त्यामुळे त्याचे तुकडे एक पाऊल मागून आल्यासारखे पडतात, आणि ते ८४व्या वर्षीही तस्सेच पडतात. मी 'बघू' म्हणालो आणि चॅटानूगाला चहा घ्यायला थांबलो.