डाळ वाढली

दुपारी डाळीचा डबा घासला आणि गॅलरीत उन्हाला पालथा घातला. समोरच्या इमारतीतल्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. तिथूनच ओरडल्या, "काय हो, वैशाखातच दसरा काढलात?" मी म्हटलं, "हो ना, एकेक डबा काढतेय." एकेक कसला, एकच होता.

डबा जुना आहे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'आत्याकडून सप्रेम भेट, 14-5-91' असं घातलंय. पूर्वी भांडी घेतली की दुकानातला माणूस ते गुरगुरणारं यंत्र हातात धरून "नाव काय घालू?" म्हणून विचारायचा आणि घरातलं वडीलधारं माणूस खिशातली चिठ्ठी वाचून दाखवायचं. आमच्या आत्याने नावच घातलं नाही. कुणाची आत्या, कुणाला भेट, काही पत्ता नाही. हरवला असता तर जगातल्या कुठल्याही भाचीने हक्क सांगावा असा डबा. घासून घासून 'सप्रेम'मधला 'प्रे' गेलाय, त्यामुळे आता नुसतीच 'सम भेट' उरली आहे.

तर घासता घासता माझ्या तोंडून निघून गेलं, "डाळ वाढली."

आतून मुलाने विचारलं, "किती झाली?"

मला आधी कळेच ना. मग कळलं आणि हसू आलं. त्याची चूक नाही. हल्ली डाळ वाढली म्हणजे भाव वाढला, दुसरं काय वाढणार?

आमच्या घरी 'संपलं' हा शब्द नव्हता. तांदूळ संपत नसत, वाढत. मीठ वाढे, गूळ वाढे. दिवा विझवत नसत, वाढवत. नारळसुद्धा वाढवायचा आणि हातातली बांगडी टिचकली तरी ती वाढलीच म्हणायची. आईच्या राज्यात काही संपत नव्हतं, विझत नव्हतं, फुटत नव्हतं. शेजारच्या घरात 'उदंड झालं' म्हणायची रीत होती, पण आम्हाला ते जरा नाटकातलं वाटायचं. एकदा पाहुण्यांसमोर मी "आई, साखर संपली" असं खणखणीत सांगितलं होतं. तेव्हा आईने माझ्याकडे जे पाहिलं ते साखर सांडली असती तरी पाहिलं नसतं. पाहुणे बिचारे म्हणाले, आम्ही चहा सोडलाय.

आणि पानात घालणं तेही वाढणंच. एका क्रियापदावर अख्खं स्वयंपाकघर चालायचं. वाढलं की पानात यायचं, वाढलं की डब्यातून जायचं.

तिसरं वाढणं वडिलांच्या कचेरीतलं. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वडील कारकून. "महागाई भत्ता वाढला" हे वाक्य घरात सणासारखं यायचं. मला वाटायचं हा खायचा भत्ता. आमच्याकडे स्टॅंडवर भेळभत्ता मिळायचा, कागदाच्या पुड्यात, वर कांदा आणि तळलेली मिरची. महागाई भत्ता म्हणजे त्यातलाच एखादा भारी प्रकार असणार, आणि वडील तो कचेरीतच खाऊन येतात, असा माझा पक्का समज होता. एका दिवाळीत मी तो आणायचा हट्टच धरला. ज्या दिवशी भत्त्याचा फरक हातात पडला त्या संध्याकाळी वडिलांनी खरोखर भत्त्याचा मोठा पुडा आणला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "घे, महागाईचा." तिखट होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला. भत्त्याचं कोडं पुढे शाळेत केव्हातरी उलगडलं, पण अजूनही वर्तमानपत्रात तो शब्द दिसला की आधी तळलेली मिरची आठवते.

आता आमच्या घरात कुणालाच महागाई भत्ता नाही. नवरा खासगी नोकरीत. तिथे महागाई असते, भत्ता नसतो.

महिन्याची यादी करणं हा तेव्हा एक कार्यक्रमच असायचा. वडील पाठकोऱ्या कागदावर वर 'श्री' काढून बसायचे, आई एकेका डब्याला टिचकी मारत पुढे सरकायची. आवाजावरून तिला आतलं कळायचं. झाकण उघडायची गरज नाही. "तूर दोन किलो. शेंगदाणे... थांबा... एक. रवा नको." यादी झाली की वडील ती पहिल्यापासून मोठ्याने वाचायचे, आणि मग खरा खेळ सुरू व्हायचा. "शेंगदाणे अर्धा केले तर?" "करा." "साबुदाणा?" "एकादशी दोन आहेत." "मग पाव." एखाद्या जिनसापुढे ते नुसतं 'पाहू' लिहायचे. वाण्याला ते 'पाहू' पाठ होतं. तो विचारायचाही नाही, सामान बांधून झालं की म्हणायचा, "साहेब, पाहूचं काय करू?" यावर वडील हसायचे. तो वहीत मांडून ठेवायचा. 'पाहू' मधल्या बऱ्याच वस्तू अशाच घरात आल्या.

हे आठवायचं कारण दुकानातला काउंटर. हल्ली 'पाहू' करायची सोय राहिलेली नाही. ढकलगाडीत टाकताना मी मनात बेरीज करत जाते, पण माझी बेरीज आणि यंत्राची बेरीज कधी जमत नाही. परवा यंत्राचा आकडा वाढत वाढत चालला तसं मी तुपाची बरणी बाजूला केली आणि "हे राहू दे" म्हटलं. हळूच म्हटलं होतं. काउंटरवरच्या मुलीने मान वळवली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला हाक दिली, "सर, एक कॅन्सल आहे!" मग ते सर आले, त्यांनी गळ्यातलं कार्ड यंत्राला लावलं, आणि माझं तूप अधिकृतपणे रद्द झालं. मागच्या रांगेत सहा जण होते. त्यातल्या एका बाईंनी स्वतःच्या टोपलीतून काहीतरी काढून शेजारच्या फळीवर ठेवलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

भाव वाढतात हे एकवेळ समजतं. मला राग येतो तो न वाढलेल्या भावांचा. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे, फक्त तो रोडावत चाललाय. तेलाचंही तसंच. माझ्याकडे तेलाचा एक कावळा आहे, म्हणजे चोचीचं भांडं, एक पिशवी ओतली की गळ्यापर्यंत भरायचा. गेले काही महिने तो भरेना. आधी मला नवऱ्याचा संशय आला, कारण ओतायला तो घेतो. मग चष्मा लावून पिशवी वाचली. 850 ग्रॅम. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पिशवी तेवढीच उंच, चित्र तेच, आत 60 ग्रॅम हवा.

मुलाने मोबाइलवर शोधून सांगितलं की यात बेकायदा काही नाही. तेल, चहा, बिस्किटं, मीठ अशा जिनसांची पाकिटं ठरावीक वजनातच भरायची सक्ती होती, ती 2021 च्या दुरुस्तीने काढली. बदल्यात पाकिटावर दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं तेही छापायचं. छापतातही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच.

आजी असती तर तिला हे सगळं कळलं असतं. 1956 च्या कायद्यानंतर शेर गेले, किलो आले, आणि आजीला शेवटपर्यंत वाटत राहिलं की नव्या मापात काहीतरी मारलंय. "किलोत कमी येतं," म्हणायची. वडील तिला कागदावर गणित मांडून दाखवायचे. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे 933 ग्रॅम, म्हणजे किलो उलट पाच-सहा तोळ्यांनी मोठा. आजी कागदाकडे न बघता म्हणायची, "मग पुरत का नाही?" आम्ही हसायचो. आता त्या प्रश्नाला हसायची माझी छाती नाही.

तेलावरून माझं आणि भावाचं भांडणही झालंय. तो गावी सोयाबीन लावतो. 2024 च्या सप्टेंबरात सरकारने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. ते सोयाबीनवाल्यांना चार पैसे मिळावेत म्हणून, असं सांगितलं गेलं. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे पिशवी लगेच महागली. मी त्याला फोन करून म्हटलं, "मज्जा आहे बाबा तुमची." तर तो उसळलाच. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि त्याला बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली घालावं लागलं. "माझ्या सोयाबीनला मिळाले नाहीत, तू जास्तीचे दिलेस, मग मधे कुठे गेले?" असं तो मला विचारत होता आणि मी त्याला. शेवटी वहिनीने फोन घेतला आणि आंब्यांचं विचारलं.

आत्याकडे याला उत्तर होतं. ती मुंबईला गिरगावात, चाळीत राहायची. 1972-73 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं, त्यात आत्या होती. ताट आणि लाटणं घेऊन, दुपारचा स्वयंपाक उरकून. तिच्या त्या ताटाला मधोमध खोक पडली होती. आम्ही मुलं तिच्याकडे गेलो की 'मोर्च्याचं ताट' मलाच पाहिजे म्हणून भांडायचो. त्यात आमटी नेहमी मधल्या खड्ड्यात जमायची आणि भात कडेला कोरडा राहायचा. "भाव उतरले का मग?" असं मी विचारलं होतं. आत्या म्हणाली, "ते काही आठवत नाही गं. पण तुझ्या काकांनी त्या दिवशी स्वतः वाढून घेतलं."

मी मोर्चाला गेलेले नाही. माझ्याकडे एक वही आहे. शहरातल्या घराचे शंभरातले 39 रुपये खाण्यावर जातात असं 2022-23 च्या सरकारी पाहणीत निघालं होतं. ते वाचलं आणि वही काढून आमचं किती पडतं ते मांडलं. आकडा सांगत नाही. 2015 ला तूरडाळ 200 वर गेली होती तेव्हा तीच वही सुरू केली होती. डाळ उतरली की बंद करायची असं ठरवून. डाळ त्यानंतर उतरली, चढली, परत उतरली. दूध, फी, गॅस, विजेचं बिल, कुणी ना कुणी तिच्या जागेवर येऊन बसत गेलं आणि वही चालूच राहिली.

डब्याचं सांगत होते. आई कुठलाच डबा पार रिकामा होऊ देत नसे. तळाला मूठभर ठेवायचीच, नवं सामान त्यावर पडायचं. मला तेव्हा मोठी शंका होती की असं असेल तर तळातली मूठ नक्की कुठल्या सालची? एकदा विचारलंच. आई म्हणाली, "तुझ्या आधीची आहे. तिला नावं ठेवू नकोस." खरं तर ती दर उन्हाळ्यात सगळं काढून ऊन द्यायची, त्यात मुठी कितीदा बदलल्या असतील. पण मला अजून वाटतं की आमच्या माहेरच्या डब्यात तळाशी बहात्तरच्या दुष्काळातले काही दाणे असणार. मीही 91 पासून तशीच मूठ ठेवत आले. सासूबाईंची रीत वेगळी होती, त्या आधीचं वर घेत. त्यांचंच बरोबर असेल.

काल सत्तावीस तारीख होती. पगार सातला होतो. मूग आहेत, मटकी आहे, त्यामुळे अडायचं काही नाही. पण मुलाला वरण हवं होतं, आणि गेले कितीतरी दिवस त्याने काही मागितलंच नव्हतं. सकाळी तळातली मूठ काढली. कुकरला एक शिट्टी जास्त लागली. वरण छान झालं, त्याने दोनदा घेतलं, "अजून वाढ" म्हणाला.

रिकामा डबा फळीवर ठेवायचा नसतो. घासायला काढलेला चालतो.

समोरच्या वहिनी कपडे वाळत घालून आत गेल्या. गॅलरीतलं ऊन आता कठड्यावर चढलंय, डबा कधीच वाळला असेल. राहू दे जरा.