पेशीच नव्हत्या, तरी रंग जांभळा

मायक्रोस्कोपखाली पेशी मेलेल्या दिसत होत्या आणि प्लेट रीडर (प्लेटमधल्या रंगाची गडदता मोजणारं यंत्र) म्हणत होता, सगळं आलबेल. बडोद्यात टिश्यू कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, खोलीत माझी बरीच वर्षं गेली, पण अशी उलटी साक्ष देणारी प्लेट विरळाच.

काम आमच्याकडच्या एम.एस्सी.च्या मुलीचं. दांडिया बाजारातली, घरात मराठी, लॅबमध्ये गुजराती. हिरड्याच्या फळाचा अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून तिने एमसीएफ-७ पेशींवर चोवीस तास ठेवला होता. स्तनाच्या कॅन्सरच्या या पेशी १९७० मध्ये अमेरिकेत एका रुग्ण बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून मिळाल्या. आम्ही त्या पुण्याच्या एनसीसीएस या पेशीसंशोधन संस्थेतून आणतो. विषय तिने हट्टाने घेतला होता. आत्याची केमो चालू होती आणि घरात कोणी ना कोणी रोज विचारायचं, "हिरड्याने फरक पडतो का गं?"

एमटीटी टेस्ट १९८३ पासून सगळीकडे चालते. एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्माझान करतात. डोस वाढला, पेशी मेल्या, की रंग फिका पडायला हवा. इथे सर्वांत मोठ्या डोसच्या वेलमध्येच (वेल म्हणजे प्लेटमधला छोटा खळगा) रंग सर्वांत गडद!

"ताई, पेशी वाढतायत की काय यानं?" तिचा चेहरा उतरला.

पण एमटीटी घालण्याआधी दोघींनी त्याच वेल पाहिल्या होत्या. धडधाकट एमसीएफ-७ पेशी तळाला फरशीसारख्या एकमेकींना लागून बसतात. या सुटून, गोल होऊन माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगत होत्या, कडेला बुडबुड्यांसारखे फुगवटे. अशा पेशी वाढत नसतात.

मी म्हटलं, रिकाम्या वेल घे. पेशी नकोत, नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी. चहा पिऊन परत येईपर्यंत त्यात जांभळट झाक आली होती, आणि जास्त अर्काच्या वेलमध्ये जास्त. हिरड्यात टॅनिन ही तुरट द्रव्यं भरपूर. ती एमटीटीला स्वतःच क्षपित करतात, म्हणजे जांभळं करून टाकतात, पेशी असोत वा नसोत. ही पेशीविरहित वेल न ठेवता काढलेले आलेख मी कितीतरी पाहिलेत.

मग ट्रिपॅन ब्लूने मोजणी केली. मेलेली पेशी निळी होते. बहुतेक निळ्याच होत्या. पोरगी खूश, "म्हणजे मारतो ना!" मारतो. प्लेटमध्ये फिनाइलही मारतं.

खरी मजा पुढे आली. हिरड्यातलं गॅलिक ॲसिड कल्चरच्या माध्यमात ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणून पुढच्या प्लेटमध्ये काही वेलना कॅटालेज हे एन्झाइम घातलं, ते पेरॉक्साइड मोडून टाकतं. त्या वेलमधल्या बऱ्याचशा पेशी तळाला चिकटून होत्या, त्याच डोसला. म्हणजे पेशी मारणारा बराचसा माल हिरड्याचा नव्हे, आमच्या माध्यमात घडलेला. माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत कॅटालेज भरपूर असतं, हे तिला पाठ होतं, म्हणजे शरीरात हे पेरॉक्साइड टिकणं अवघडच. तिने तोंडावर हात ठेवला.

"पण ताई, व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध सदाफुलीतूनच आलं ना?"

आलंच. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते वेगळं केलेलं एक संयुग, पेशीतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, विभाजनातली पेशी मधेच अडवतं, आणि एका वेळी शिरेतून साधारण २ मिलिग्रॅमवर देत नाहीत. तेवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात. आमचा डोस होता मिलीलीटरला २०० मायक्रोग्रॅम. शरीरात पाच लीटर रक्त धरलं, तर हा आकडा गाठायला एक ग्रॅम अर्क थेट रक्तात उतरायला हवा. चूर्ण पोटातून जाणार, आणि टॅनिनांसारखे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषलेच जात नाहीत.

आत्याबद्दल मी एवढंच सांगितलं की केमो चालू असेपर्यंत तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही चूर्ण देऊ नका. काही वनस्पती यकृतातल्या एन्झाइमवर परिणाम करतात आणि औषधाची रक्तातली पातळी बदलते. "बाबांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बद्धकोष्ठाला तरी चालेल का? तेही डॉक्टरांनाच विचारायला सांगितलं.

प्रबंधाच्या नावातून 'कॅन्सररोधी' शब्द काढायला गाइडची कुरकुर झाली. पोरीने ऐकलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न पेशीविरहित वेलवर विचारला.