लंडन ते पॅरिस : अंतर किती, वेळ किती

सरळ रेषेत अंतर जेमतेम ३४४ किलोमीटर. लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाला जाणारं विमान हवेत पाऊण-एक तासच असतं. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा जास्तच दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत सरकणं आणि रांगेत थांबणं त्यातच धरलेलं असतं. शिवाय पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे. त्यामुळे जाताना ९ ते ११:२० म्हणजे प्रवास १ तास २० मिनिटांचाच. येताना उलट: ९ ला निघून ९:२० ला पोहोचलात, असं तिकीट म्हणतं!

खरा वेळ जातो तो जमिनीवर. मध्य लंडनहून पिकॅडिली लाइन या मेट्रोने हीथ्रो सुमारे ५० मिनिटं, विमानतळावर दोन तास आधी हजेरी, पलीकडे पासपोर्टची रांग, मग आरईआर बी या लोकल गाडीने पॅरिसच्या गार दू नॉर स्टेशनपर्यंत अर्धा तास. एकूण पाच तास सहज. युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून थेट गार दू नॉरला साधारण सव्वादोन तासांत नेते, आणि फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते.

भारतीय पासपोर्टवाल्यांची गल्लत इथे होते: ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिस होत नाही, फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. परत लंडनला यायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही बघा.