संकष्टी, आणि डब्यात पोळी-भाजी

आपल्याकडे परक्या माणसाला ‘तुमचं कुलदैवत कोणतं हो?’ असं एसटीतसुद्धा खुशाल विचारतात. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, गोव्याकडची शांतादुर्गा, काहीही सांगा, समोरचा मनातल्या मनात आडनाव लावून बघतो. त्या प्रश्नात देव थोडा आणि जात फार. जनगणनेला आलेल्या बाई धर्म विचारतात, सांगाल तो लिहितात आणि पुढच्या दाराची बेल वाजवतात. पण ‘तुम्ही देव मानता का?’ हे मी सख्ख्या भावालाही कधी विचारलेलं नाही.

एकदा मात्र विचारून बसले, तेही नकळत.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे काका संकष्टीचे पक्के. डब्यात साबुदाण्याची खिचडी, कूट सढळ, वर लिंबाची फोड. अंगारकी असली की त्या दिवशी रजाच. एका संकष्टीला त्यांनी डबा उघडला तर आत पोळी आणि मेथीची भाजी.

“काय हो काका, आज चंद्र दुपारीच उगवला वाटतं?” मी म्हटलं.

“सोडला उपास.”

पुढे कोणी बोललं नाही. कोणीतरी उगाच लोणचं मागितलं. काका पोळीचा एकच तुकडा भाजीत बुडवत राहिले, तोंडात काही घालेनात. त्यांची धाकटी बहीण त्याच महिन्यात गेल्याचं मला माहीत होतं. तेराव्याला जाऊनही आले होते मी. पण जीभ आधी चालली.

वारीत हे बरं असतं. आळंदीहून पंढरपूरपर्यंत प्रत्येक जण माऊली. शेजारचा का चालतोय, नवस आहे की सवय, की मुलगा वारल्यापासून घरात बसवत नाही, हे त्याला सांगायचं असलं तर तो सांगतो. नाहीतर टाळ वाजतच असतात.

दोनेक महिन्यांनी टपरीवर चहा घेताना काका आपण होऊनच म्हणाले, “राग नाही हो बाप्पावर. बोलणं बंद आहे, एवढंच.” या वेळी मी गप्प राहिले. बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर मारली आणि सहज विचारलं, “तुमचं काय? तुम्ही मानता?”

मी पर्समध्ये सुटे शोधायला लागले.