तामियाच्या पुढे उतारच आहे म्हणे!

तामियाच्या पुढे पचमढीपर्यंत उतारच आहे, असं मला ज्यानं नागपुरात छातीठोक सांगितलं, तो बुलेटवर गेला होता; मी सायकलवर निघाले होते. हे मला पचमढीच्या घाटाच्या पायथ्याशी, मटकुलीत कळलं, दुपारी साडेतीनला, चिडून फोन लावल्यावर. म्हणून आधीच लिहून ठेवते: मोटरसायकलवाल्याला घाट कधीही विचारू नका. त्याच्या मनगटाला चढ कळतो, मांड्यांना नाही.

तामिया ते मटकुली उतार आहे हे खरं. पण आपलं नागपूर 310 मीटरवर आणि पचमढी हजाराच्या वर. दोन दिवस पाय मारून कमावलेली उंची देनवा नदीकडे उतरताना सगळी उधळायची आणि शेवटच्या सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरमध्ये पुन्हा कमवायची, असा हा व्यवहार. उतरताना मी गाणी म्हणत होते. मूर्खपणा.

पहिला दिवस नागपूर-सावनेर-सौंसर-छिंदवाडा, सव्वाशे किलोमीटर. सिल्लेवानीच्या घाटाला लोक उगाच भितात. पहाटे पाचला निघा, रामाकोन्याला पाणी भरा, पुढची लहान चकती लावा, होतो. माझं अडलं सौंसरला, पंक्चरमुळे. ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह, आणि रस्त्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर घरी टेबलावर राहिला होता, माझा हातपंप नेमका त्याच दिवशी दगा देत होता. दुकानदार मराठीच; राज्य बदललं तरी सौंसरला भाषा आपलीच आहे. ‘थांबा ताई’ म्हणून त्यानं पोराला गावात पिटाळलं. कोणाकडे तरी गिअरची सायकल होती, तिच्या मालकाकडून पोरगं पंप घेऊन आलं. तोवर यानं पंक्चर काढून ठेवलं होतं. पैसे विचारले तर म्हणाला, हवा दुसऱ्याची, ट्यूब तुमची, माझं काय लागलं त्याच्यात? वर सोल्युशनची अर्धी ट्यूब आणि रबराचे चार तुकडे कागदात गुंडाळून दिले. मी ‘नको, आहे माझ्याकडे’ म्हटलं. नव्हते. मला नको म्हणायची सवयच आहे. एकटी बाई सायकलवर निघाली की मदतीबरोबर ‘घरचे सोडतात का?’ हेही येतं, म्हणून मी आधीच दार लावून घेते. त्यानं ते विचारलंच नाही. कागद घेतला.

दुसरा दिवस छिंदवाडा ते तामिया, पंचावन्नच्या आसपास. परासियाला कोळशाचे ट्रक असतात, कडेनं चाला. बाकी छान होतं.

आता मटकुली. तिथून साडेतीनला निघायचं नाही. लिहून घ्या: मटकुली दुपारी बाराच्या आत सोडता येत नसेल तर तिथेच कुठेतरी पाठ टेका, सकाळी चढा. रस्ता सातपुड्याच्या जंगलातून जातो, वळणामागून वळण येतं, आणि प्रत्येक वळणावर वाटतं की आता संपला. संपत नाही. पाणी तीन लिटर लागेल, दोन पुरत नाही. मी महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी गेले होते, म्हणजे पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाच्या जत्रेची गर्दी; तिथे नवसाचे त्रिशूल वाहतात. विदर्भातून गाड्याच गाड्या. त्यातल्या तीन गाड्यांनी थांबून विचारलं, तिघांना मी हसून हात हलवला.

पाच वाजून गेल्यावर पोटऱ्यांत गोळे आले आणि मी सायकल ढकलायला लागले. पुढे एक टेम्पो धापा टाकत उभा होता. वजन कमी करायला माणसं उतरून चालत होती. त्यातल्या सत्तरीच्या एका बाबांच्या खांद्यावर त्यांच्याहून उंच त्रिशूल.

‘काऊन वं पोरी, दमली?’

‘नाही बाबा, ठीक आहे.’

‘ठीक आहे त रडून काऊन राह्यली?’

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. माझं वय सेहेचाळीस आहे.

बाबा म्हणाले, सायकल माह्याकडे दे, हे तू धर. मी म्हटलं, तुमच्या नवसाचं आहे, मी कसं धरू? ‘धर नं. खाली टेकवू नको फक्त.’ आणि त्यांनी माझी बॅगा लादलेली सायकल धरली, त्यांच्या पोरानं मागून कॅरिअर. त्रिशूल हलका असेल असं वाटलं होतं. खांद्याला दहा पावलांत कळलं. अर्धा तास मी तो घेऊन चालले, तेही उतरत्या उन्हात, ‘हर बोला महादेव’च्या आरोळीत. टेम्पो निघाला तेव्हा सायकल त्यांनी टपावर बांधली आणि मला बायकांत बसवलं. यावेळी मी नको म्हटलं नाही. पुढचा बराचसा घाट मी सायकलनं केलेला नाही. काही जण म्हणतील, मग राईड पूर्ण झाली नाही. नाही झाली.

‘तुह्या कोनता नवस?’ एका मावशीनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिनं मला भाकरी आणि ठेचा दिला.

पचमढीत मात्र लॉजवाल्यानं धुतलं. फोनवर नऊशे, काउंटरवर अठराशे, ‘जत्रा आहे.’ सायकल व्हरांड्यात ठेवायचे शंभर, गरम पाण्याच्या बादलीचे पन्नास. भाव ठरला की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, आगाऊ रक्कम त्यानंतरच पाठवा. जत्रेच्या आठवड्यात तर जाऊच नका. किंवा जा, पण मुक्काम आधी पक्का करा. थकवा उतरला नव्हता म्हणून भांडले नाही, त्याचा राग अजून आहे.

परत नागपूरच्या बसनं आले. टपावर सायकल चढवायचे कंडक्टरनं चारशे सांगितले, दोनशेवर आला. बांधायला स्वतः चढा. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) वरच्या बाजूला येईल असं ठेवा, खाली आला तर वाकतो. माझा वाकला. दोरी मात्र त्या टेम्पोवाल्याचीच होती, सायकलला गुंडाळलेली तशीच राहून गेली.