रेडिएटरचा पंखा फिरत नाही? आधी रिले तपासा

इंजिन तापलंय, पंखा मात्र ढिम्म. लगेच मोटर बदलायची घाई करू नका. फ्यूज बघा, मग रिले (छोट्या प्रवाहाने पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) उपसा. हात पंख्यापासून लांब ठेवा. इग्निशन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

साध्या चार पिनांच्या रिलेत सॉकेटच्या ३० नंबरवर (बॅटरीकडून येणारी पिन) मल्टिमीटरने बॅटरीइतके व्होल्ट मिळायला हवेत. नसतील तर दोष फ्यूजकडून येणाऱ्या वायरीत. असतील तर फ्यूज बसवलेल्या जाड वायरीने सॉकेटमधल्या ३० आणि ८७ (पंख्याकडे जाणारी पिन) जोडा. पंखा फिरला की मोटर आणि तिचं अर्थिंग ठीक आहे. आता संशय रिलेवर, नाहीतर त्याला हुकूम देणाऱ्या बाजूवर. उपसलेल्या रिलेच्या ८५-८६ या कॉइलच्या पिनांमध्ये बहुतेक रिलेंना ५० ते १२० ओहम येतात. काहीच वाचन नाही, म्हणजे कॉइल तुटली.

नुसत्या ‘टक’ आवाजावर मात्र अजिबात विसंबू नका. कॉइल ओढते, पण आतले पॉइंट (प्रवाह जोडणारे संपर्क) जळून काळे पडलेले असतात. पंखा चालू असताना ३० आणि ८७ मध्ये अर्धा व्होल्ट पडत असेल, तर तो रिले काढाच. सॉकेटही निरखून बघा: ढिली पिन तापते, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं, आणि तिथे बसवलेला नवा रिलेही तसाच जळतो.